आत्याला शाळेत बक्षीस ठेवायचंय, पण द्यायचं कुणाला?

अश्दोदचा_पाव्हणा
शालोम आणि नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी लॉगिन केलंय, सांभाळून घ्या.

माझी आत्या नुकतीच ऐंशीची झाली. माझगाव-भायखळा पट्ट्यातल्या एका ज्यू ट्रस्टच्या शाळेत शिकली, तिथूनच मॅट्रिक झाली, पुढे लग्न होऊन इकडे इस्रायलला आली. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांच्याशी अजून काहीच बोलणं झालेलं नाही. आता आत्याच्या मनाने घेतलंय की आजोबांच्या नावाने शाळेत दरवर्षी एक बक्षीस ठेवायचं. अटी तिने वहीच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दिल्यात: (एक) वार्षिक समारंभात द्यायचं, (दोन) हिब्रूत पहिला येणाऱ्याला द्यायचं, (तीन) मूल आपल्या बेने इस्रायल समाजातलं हवं.

ठाण्याच्या चुलतभावाला फोन लावला तर तो हसतच सुटला. म्हणे तिथे हिब्रू शिकवणं बंद होऊन कैक वर्षं झाली आणि पटावर आपलं एकही मूल नाही. आत्याला तसं सांगितलं. दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "मग ती शाळा आता कुणाची रे?" त्यावर मला काही उत्तर सुचलं नाही.

तर प्रश्न दोन. पैसे कुणाला द्यावेत? आणि ज्या ज्यू शाळेत ज्यू मुलंच नाहीत, तिथल्या मुलांच्या वर्षअखेरच्या यशाचं कौतुक आमच्यासारख्यांनी आपलं म्हणून करावं की नाही? मुंबईतल्या, कोलकात्यातल्या किंवा परदेशातल्या अशा शाळांचा कुणाला अनुभव असेल तर जरूर लिहा.

टवाळ_टिंग्या
मला द्या. मी आठवीपर्यंत कशातच पहिला आलेलो नाही, आजोबांच्या आत्म्याला तेवढंच नावीन्य.

जुनी_मुंबई
धागा आवडला. प्रश्नाकडे वळण्याआधी थोडा इतिहास, म्हणजे चर्चा हवेत जाणार नाही.

कोकणातले शनिवार तेली, म्हणजे तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायल ज्यू, मुंबईत आले ते पलटणीत, गोदीत, सुतारकामात. शनिवारी घाणा बंद ठेवायचे एवढी धर्माची खूण सांभाळलेली, पण हिब्रू लिपी जवळजवळ विसरलेली. ती परत शिकवली मिशनऱ्यांनी. अमेरिकन मिशनच्या मराठी शाळांत ही मुलं जायची आणि स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सनने १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. आता मिशनऱ्यांचा हेतू काय होता ते वेगळं सांगायला नको. समाजाने गंमत अशी केली की व्याकरण घेतलं आणि बाप्तिस्मा नाकारला!

पण दुसऱ्याच्या ओसरीवर किती दिवस शिकणार? १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर आणि मंडळींनी मुंबईत स्वतःची शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, माझगावची. कदूरी मूळचे बगदादचे, पैसा केला शांघाय-हाँगकाँगला. भायखळ्याची सर जेकब ससून शाळा निराळी. ती बगदादी ज्यूंची, मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या) आवारालगत. लोक दोन्ही शाळा एकाच टोपलीत टाकतात, म्हणून लिहिलं.

आणि वर्षअखेरच्या यशाबद्दलच बोलायचं तर रिबेका रूबेन यांचं नाव आलंच पाहिजे. १९०५ च्या मॅट्रिकमध्ये झळकलेली ही मुलगी, पुढे इंग्लंडला जाऊन शिकली आणि १९२२ ते १९५० अशी तब्बल २८ वर्षं माझगावच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. धागाकर्त्याच्या आत्याला त्या लाभल्या नसतील, पण आत्याच्या शिक्षिकांना घडवलं त्यांनीच असणार.

स्पष्ट_बोलतो
इतिहास छान. पण मुद्दा सरळ आहे. ज्या समाजाने संस्था काढली त्या समाजाची मुलं नसतील तर पाटी बदला. उगाच 'ज्यू शाळा' म्हणून मिरवायचं आणि अल्पसंख्याक म्हणून सवलतीही घ्यायच्या.

शनिवारतेली
@स्पष्ट_बोलतो, महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला २०१६ साली. शाळा १८७५ ची. मधली १४१ वर्षं कोणत्या सवलतीवर चालवली म्हणता?

स्पष्ट_बोलतो
बरं, सवलतीचा मुद्दा मागे. पाटीचा कायम.

पूल_नाका
पाटीवर मी बोलू शकते, कारण त्या पाटीखालून मी दहा वर्षं आत-बाहेर केलंय. भायखळ्याची आहे, मुसलमान आहे, अशाच एका शाळेतून दहावी झाले. वर्गात आम्ही जवळजवळ सगळ्या मुसलमानच. युनिफॉर्मच्या बिल्ल्यावर सहा टोकांचा तारा. नवीन कुणी नातेवाईक घरी आला की विचारायचा, "ये क्या पहना है?" अम्मी म्हणायची, "स्कूल का है," आणि चहा टाकायला आत जायची. विषय तिथेच संपायचा.

समारंभ कसा असायचा ते विचारलंय म्हणून सांगते. डिसेंबरात गॅदरिंग, त्यातच बक्षीस वाटप. मांडवाला पैसे कुठले, पटांगणात एका बाजूला शाळेच्याच पडद्यांची कनात. पहिल्या दोन रांगा ट्रस्टी लोकांच्या, त्यात एक खूप म्हातारे गृहस्थ यायचे, डोक्याला छोटी टोपी. मागे सगळ्या आमच्या आया, बुरख्यात, मांडीवर धाकटी भावंडं. नाव पुकारलं की पुढचे टाळ्या वाजवायचे आणि मागून शिट्टी यायची. शिट्टी कोण मारतं ते मुख्याध्यापिकांना शेवटपर्यंत कळलं नाही. (माझी खाला.)

मला सहावीत हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं. ते म्हातारे गृहस्थ प्रत्येकाला बक्षीस देताना वाकून काहीतरी पुटपुटायचे. आम्हाला वाटायचं अभिनंदन करतायत. पुढे कळलं की आशीर्वादाचे शब्द म्हणायचे, हिब्रूत, प्रत्येक मुलासाठी पूर्ण. सव्वाशे बक्षिसं असली तरी पूर्ण. म्हणून तर समारंभ रात्री नऊपर्यंत लांबायचा आणि अब्बा चिडायचे.

त्यांना कधी विचारावंसं वाटलं नसेल का, की ही पोरं कुणाची? वाटलं असेलही. पण आशीर्वाद काही आखडता घेतला नाही त्यांनी.

खडू_फळा
@पूल_नाका, वाचून खूप बरं वाटलं गं.

मी अशाच एका शाळेत २७ वर्षं मराठी शिकवलं, आता निवृत्त. जातीने चांद्रसेनीय, म्हणजे ना ज्यू ना मुसलमान. मधली पंच म्हणा हवं तर. अश्दोदचे भाऊ, तुमच्या आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा आणि वर्षअखेरीला स्टाफरूममध्ये काय चालतं तेही सांगा, म्हणजे बक्षीस ठेवताना उपयोगी पडेल.

शाळेत अशी 'स्मरणार्थ' बक्षिसं ढिगाने असतात. आमच्याकडे एक जाडजूड वही होती, त्यात सगळ्यांच्या अटी. कुणी १९४० मध्ये १०० रुपये ठेवलेले, व्याजातून दरवर्षी गणितात पहिल्या येणाऱ्याला चांदीचं पदक. माझ्या काळात त्या व्याजात पदकाची रिबीनही येत नव्हती. मग आम्ही काय करायचो, पाच-सहा जुन्या देणग्यांचं व्याज एकत्र करून एक बरा शब्दकोश आणायचा आणि आतल्या पानावर सहाही दात्यांची नावं असलेली छापील पट्टी चिकटवायची. पट्टी चिकटवायचं काम माझ्याकडे. डिंकाने पान सुरकुततं म्हणून मी घरून मैद्याची खळ करून न्यायची. बरण्या झाल्या असतील त्या खळीच्या!

अटींचा घोळ तर विचारू नका. 'हिब्रूत प्रथम', 'तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) वाचनात प्रथम', 'समाजातील गरीब व होतकरू मुलगी' असली कैक बक्षिसं वर्षानुवर्षं 'पात्र विद्यार्थी नाही' असा शेरा पडून तशीच राहायची. पैसा बँकेत, पोरं रिकाम्या हाताने. एकदा मी ट्रस्टच्या बैठकीला चहा द्यायच्या निमित्ताने थांबले आणि बोलून टाकलं, की मुलं बदललीत, तुम्ही अट बदला. चिडतील असं वाटलं होतं. त्यातले एक वयस्क सद्गृहस्थ म्हणाले, "बाई, मूळ दाता गेला. आता अट बदलायला त्याला कुठून आणू?" कायद्याने त्यांचं खरंच होतं. म्हणून आत्याबाईंना म्हणावं, अट आताच सैल ठेवा, तुम्ही आहात तोवर.

टवाळ_टिंग्या
चांद्रसेनीय म्हणजे निनावे, वडीचं सांबार वगैरे. बाईंच्या डब्यावरच शाळा टिकली असणार.

पेणची_पोर
डबा निघालाच आहे तर: बेने इस्रायल लोकांच्या मलिद्याबद्दल कुणी लिहील का? माझी आजी पेणची, शेजारी इस्रायली आळी. ती सांगायची, त्यांच्याकडे मूल पास झालं, नोकरी लागली, लग्न ठरलं, काहीही चांगलं झालं की मलिदा. आमच्याकडे सत्यनारायण तसा त्यांच्याकडे मलिदा.

शनिवारतेली
@पेणची_पोर, बरोबर सांगायची आजी. नवस एलियाहू हन्नबीचा, म्हणजे आमच्या एलिया पैगंबराचा. पोहे भिजवायचे, त्यात ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, बदाम-बेदाणे. ताटात ढीग करून भोवती फळं मांडायची, वर गुलाबाची पाकळी. प्रार्थना म्हणायची, प्रत्येक फळावर त्याचा आशीर्वाद म्हणायचा आणि मग सगळ्यांनी खायचं. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एलियाहू हन्नबीच्या रथाच्या चाकाची खूण आहे असं आम्ही मानतो, तिथे जाऊनही करतात.

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरी मलिदा ठरलेला. मला ५४ टक्के पडले तेव्हाही झाला. वडील म्हणाले, पैगंबराने पास केलंय, टक्के विचारायचे नसतात.

टवाळ_टिंग्या
५४ ला मलिदा! आमच्याकडे ८२ ला विचारलं होतं, "बाकीचे १८ कुठे सांडले?"

मोझलीची_माई
परदेशाचं विचारलंत म्हणून लिहिते. मी बर्मिंगहॅमला मोझली भागात राहते. इथे किंग डेव्हिड नावाची ज्यू प्राथमिक शाळा आहे आणि निम्म्याहून जास्त मुलं मुसलमान. मुलं हिब्रू शिकतात, ज्यू सण साजरे करतात, जेवण कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे. शेजारची पाकिस्तानी बाई मला म्हणाली, "डुकराच्या मांसाची चिंता नाही, शिस्त आहे, देवाचं नाव घेतात, अजून काय हवं?" इकडे अशा शाळांत जागा मिळावी म्हणून पालक जवळ घर घेतात म्हणे. स्कॉटलंडमध्ये तर ग्लासगोजवळ ज्यू आणि कॅथलिक अशा दोन प्राथमिक शाळा २०१७ पासून एकाच आवारात भरतात.

उलट टोकाचं उदाहरणही इथलंच. लंडनच्या जेएफएस या ज्यू शाळेत कुणाला ज्यू मानायचं यावरून खटला झाला आणि २००९ मध्ये तो थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. आईच्या वंशावरून प्रवेश ठरवणं म्हणजे वांशिक भेदभाव, असा निकाल लागला. म्हणजे एकीकडे दार सताड उघडं, दुसरीकडे दारावर कोर्टकचेरी.

अश्दोदचा_पाव्हणा
वंशावरून आठवलं. आमच्या लोकांनाही इथे आल्यावर हेच ऐकावं लागलं होतं, की तुम्ही पुरते ज्यू आहात का? लग्नाच्या वेळी रब्बी, म्हणजे धर्मगुरू लोक पूर्वजांची चौकशी करायचे. समाजाने आंदोलन केलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये सरकारने आम्ही सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. आत्याच्या लग्नाच्या जरा आधीची गोष्ट. भारतात असताना तिला कुणी असला प्रश्न विचारलाच नव्हता. त्यामुळे तिच्या त्या अट क्रमांक तीनमागे थोडं हेही असेल. 'आपल्या समाजातलं मूल' हे तिला कागदावर लिहिलेलं हवं असतं.

आता इथल्या शाळांचं. प्राथमिक शाळा जूनअखेरीला संपतात आणि पुन्हा १ सप्टेंबरला सुरू. माझी धाकटी यंदा पहिलीत. धार्मिक सरकारी शाळेत पहिलीतल्या मुलांना वर्षात स्वतःची पहिली प्रार्थनेची पोथी देतात, त्याचा मोठा सोहळा असतो. सगळी मुलं पांढऱ्या शर्टात, डोक्यावर कागदी मुकुट, गाणी, नाच. वर्षअखेरीला प्रगतिपुस्तक मिळालं, त्यात आकडेच नाहीत, सगळी वाक्यं. 'मैत्रिणींना मदत करते', 'हळूहळू बोलायला लागली आहे' वगैरे. आत्याने चष्मा लावून पुन्हा पुन्हा उलटंपालटं केलं आणि बाईंना गाठून विचारलं, "पहिली कोण आली?" बाई म्हणाल्या, सगळीच पहिली. आत्या मराठीत पुटपुटली, "म्हणजे कुणीच नाही."

तिने सोबत चिवड्याचा डबा नेला होता. सोहळ्यात सगळ्यात आधी तो संपला, हे मात्र तिने पहिला नंबर म्हणून धरलं.

स्पष्ट_बोलतो
आत्याबाई माझ्या पक्षाच्या दिसतात.

गोदीवाला
@अश्दोदचा_पाव्हणा, अवांतर, पण मस्जिद बंदर स्टेशनचं नाव सिनेगॉगवरून पडलं असं म्हणतात ते खरं का?

जुनी_मुंबई
@गोदीवाला, तसं सांगतात खरं. मांडवीच्या सॅम्युएल स्ट्रीटवर शआर हाराहामीम हे मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग, १७९६ चं, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं. बेने इस्रायल लोक बोलताना सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. पण त्या भागात खऱ्या मशिदीही आहेत, त्यामुळे छातीठोक सांगू नये. धागा भरकटण्याआधी मूळ प्रश्नाकडे चला.

कागदपत्रे
मूळ प्रश्नात एक खड्डा आहे, तो कुणी पाहिलेला दिसत नाही. आत्याबाईंचा पासपोर्ट इस्रायली असणार. मग त्यांचे पैसे कायद्याच्या भाषेत विदेशी अंशदान. शाळेचा ट्रस्ट एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदानाच्या कायद्याखाली नोंदलेला नसेल तर त्याला ते घेताच येत नाहीत. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. मूळचे भारतीय असलात, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांचं) कार्ड असलं, तरी हे लागू. भारतीय पासपोर्टवाला परदेशात राहून स्वतःच्या मिळकतीतून देत असेल तर गोष्ट वेगळी.

"मी चुलतभावाला पाठवतो, तो शाळेत भरेल" असा शॉर्टकट मनात आला असेल तर आताच काढून टाका. त्यापेक्षा ठाण्याच्या भावानेच स्वतःच्या मिळकतीतून ठेवावं हे स्वच्छ. पहिलं काम: ट्रस्टला पत्र लिहून नोंदणी आहे का विचारा. बहुतेक जुन्या ज्यू ट्रस्टना परदेशातून मदत येत आलेली आहे, त्यामुळे असण्याची शक्यता बरी आहे.

टवाळ_टिंग्या
कागदपत्रे काका आले की धाग्यावर शिक्का बसतो.

पूल_नाका
मला एक विचारायचंय. आत्यांनी अट तीन सोडली नाही तर? म्हणजे ठाण्यातल्या गरीब ज्यू मुलाला शिष्यवृत्ती दिली तरी चांगलंच आहे की. ती गरजही खरी आहे. पण मग शाळेचं नाव घेऊ नये एवढंच. 'माझी शाळा' म्हणायचं आणि तिथल्या पोरांना वगळायचं, हे मला लागतं. त्या बाकांवर आम्ही बसलो.

शनिवारतेली
@पूल_नाका, बरोबर बोललात. आता मी जरा लांबण लावतो, कारण या धाग्यात एक सूर आहे की समाज इस्रायलला गेला आणि शाळा ओस पडली. १९५१ च्या जनगणनेत भारतात ज्यू २६ हजारांच्या वर होते, २०११ ला ४,६५०. आकडे खरे आहेत. पण शाळेची गोष्ट एवढ्यावर संपत नाही.

आमच्याच घराचं सांगतो. आजोबा माझगावच्या आमच्या समाजाच्या शाळेत शिकले. वडीलही तिथेच. मी मात्र नाही. आम्ही कुठेही गेलो नव्हतो, इस्रायलला तर नाहीच. आम्ही ठाण्याला गेलो! भायखळ्याच्या चाळीतल्या एका खोलीतून चरईजवळ दोन खोल्या मिळाल्या म्हणून. सिनेगॉग तिथे १८७९ पासून होतंच, खाटीक होता, नातेवाईक होते. एकामागून एक घरं उठली. तिथून माझगावला रोज पोराला कोण पाठवणार? आणि जे भायखळ्यात राहिले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पोरं कॉन्व्हेंटात घातली, कारण इंग्रजी. माझ्या मामाने तर ट्रस्टीच्या खुर्चीवर बसून स्वतःचा मुलगा दुसऱ्या शाळेत घातला होता. घरात त्यावरून भांडण झालेलं मला आठवतं. मामी म्हणाली होती, "तुमची शाळा तुम्हाला भाषणाला लागते, पोराला नाही."

तेव्हा बाक आम्ही रिकामे केले, आमच्या मर्जीने, लोकलचा पास काढून. ते भरले भायखळ्याच्या आणि डोंगरीच्या पोरांनी. त्यांनी कुणाची जागा घेतलेली नाही. शाळा चालू राहिली ती त्यांच्यामुळे. नाहीतर त्या जागेवर आज टॉवर असता आणि आम्ही त्याच्या फोटोखाली रडके इमोजी टाकत बसलो असतो.

म्हणून @स्पष्ट_बोलतो, पाटी राहू द्या. ती समाजाने शाळा काढली म्हणून आहे. हजेरीपटात कोण आहे त्याचा तिच्याशी संबंध नाही.

स्पष्ट_बोलतो
मान्य नाही, पण मामी आवडल्या.

मोझलीची_माई
कोलकात्याबद्दल कुणी लिहिलं नाही. माझी नणंद तिकडे आहे. पार्क स्ट्रीटवर ज्युईश गर्ल्स स्कूल आहे, १८८१ ची. मुली बहुतेक मुसलमान आणि आसपासच्या वस्तीतल्या. तिथल्या मुलींना यात काहीच चमत्कारिक वाटत नाही, म्हणते. आपल्यालाच बाहेरून वाटतं.

पेणची_पोर
समाजजीवनाचं धागाकर्त्याने विचारलं होतं ते मागेच पडलं. @शनिवारतेली, शाळेशी जोडलेलं आणखी काय असायचं? आजी म्हणायची की इस्रायली लोक कीर्तन करायचे!

शनिवारतेली
करायचे म्हणजे काय, रंगवायचे! १८८० च्या सुमाराला सुरू झालं. बुवा उभे, मागे झांजा-पेटी, आणि आख्यान कुणाचं तर अब्राहमचं, योसेफचं, मोशेचं. ओव्या, साक्या, दिंड्या सगळं मराठी. आजोबांना योसेफाचं आख्यान पाठ होतं. भावांनी त्याला विहिरीत टाकलं त्या जागी आजी दर वेळी रडायची, पुढे तो सुटणार हे ठाऊक असून.

स्त्रियांचं स्त्री मंडळ होतं, १९१३ पासूनचं, डॉ. जेरुशा झिराड त्यात पुढे होत्या. त्या मात्र पुण्याच्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. म्हणजे बघा, समाजातली सगळ्यात गाजलेली डॉक्टर, पद्मश्री मिळालेली, शिकली ती हिंदू मुलींच्या शाळेत. तेव्हा हुजूरपागेने विचारलं नाही, ही कुणाची पोर म्हणून.

खडू_फळा
@शनिवारतेली, हा झिराडबाईंचा दाखला आत्याबाईंना नक्की सांगायला हवा.

आणि आता माझं मत, कारण धागाकर्ते सरळ विचारतायत. पहिला नंबर सोडून द्या. दहावीत पहिल्या येणाऱ्या मुलीला सगळेच देतात. नगरसेवक देतो, क्लासवाला देतो, बँक देते. माझ्या शाळेत सगळ्यात अवघड बक्षीस होतं पूर्ण हजेरीचं. हसू नका. आमच्या मुली सकाळी पाण्याच्या रांगेत उभ्या राहून यायच्या, धाकट्याला ताप आला की त्याच घरी थांबायच्या, आईबरोबर जरीकाम करायच्या. वर्षभर एकही खाडा नाही म्हणजे काय चीज आहे ते आम्हालाच ठाऊक. एका वर्षी एका मुलीचा फेब्रुवारीपर्यंत एकही दिवस बुडाला नव्हता. मार्चमध्ये बहिणीचं लग्न आलं. तिने शुक्रवारी हळद लावली, शनिवारी आमची साप्ताहिक सुट्टी, त्या दिवशी लग्न उरकलं आणि पुढच्या शाळेच्या दिवशी मेंदीच्या हातांनी बाकावर हजर! तारीख तिनेच ठरवायला लावली होती घरच्यांना. मौलवींना काय सांगितलं असेल कोण जाणे.

टवाळ_टिंग्या
शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या पवित्र शनिवारच्या सुट्टीत निकाह. यापुढे राष्ट्रीय एकात्मतेवर निबंध लिहायची गरज नाही.

पूल_नाका
बाई, ती मुलगी बहुतेक मला माहीत आहे. इथे नाव लिहीत नाही, खाजगी निरोप पाठवते!

अश्दोदचा_पाव्हणा
सगळ्यांचे आभार. काल शब्बाथ संपल्यावर आत्याला हा सगळा धागा वाचून दाखवला. दीड तास लागला, कारण दर प्रतिसादाला ती थांबवून आपली आठवण घुसडत होती. कीर्तनाशी आल्यावर तर गायलाच लागली.

निकाल असा: अट दोन गेली, "शिकवतच नाहीत तर पहिला कोण येणार" म्हणून. अट तीनवर बराच वेळ अडली. @शनिवारतेलींच्या मामींवर खूप हसली, म्हणाली असल्या दोन आमच्याही चाळीत होत्या. झिराडबाईंच्या दाखल्यावर काही बोलली नाही, पण थोड्या वेळाने स्वतःच पेन मागून तिसरी ओळ खोडली. त्या जागी आता 'पूर्ण हजेरी, कोणीही' असं लिहिलंय. समाजातल्या मुलासाठी वेगळे थोडे पैसे ठाण्याला, ते दुसऱ्या मार्गाने बघू. दोन्ही गोष्टी एकाच पाकिटात कोंबू नयेत हे पटलंय तिला.

नवीन अट मात्र घातलीच: रोख नको, पुस्तक हवं, आणि आतली पट्टी मराठीत छापलेली.

@कागदपत्रे, ट्रस्टला पत्र आजच लिहितो. @खडू_फळा, पत्र कधीपर्यंत पोचायला हवं? यंदाच्या समारंभात होईल का?

खडू_फळा
ऑक्टोबरची सहामाही संपायच्या आत पोचवा. दिवाळीची सुट्टी लागली की कार्यालयात कुणी भेटत नाही आणि नंतर गॅदरिंगच्या गडबडीत बक्षिसांची यादी एकदा छापखान्यात गेली की मुख्याध्यापिकासुद्धा नाव घालू शकत नाहीत. हजेरीचं बक्षीस तसंही आधीच्या पूर्ण वर्षाच्या कॅटलॉगवरून ठरतं, त्यामुळे मुलगी आताच ठरलेली असेल, फक्त तुम्हाला माहीत नाही. आणि पत्रासोबत पट्टीचा मजकूर मराठीत टाइप करूनच पाठवा. तिकडे करा म्हटलं तर आजोबांच्या नावात दोन चुका ठरलेल्या.

कागदपत्रे
पत्राची पोच घ्या. ईमेल केला तरी पोच घ्या.